तिसरा रकाना

गेल्या महिन्यात एका रात्री आमच्या चाळीतला एक पोरगा माझ्या दारात येऊन उभा राहिला. पाठीवर सॅक, सॅकमध्ये सेकंडहँड लॅपटॉप, हातात वही. अंधेरीच्या क्लासमधून बोरीवली लोकलला लटकत आलेला. जेवलेला नव्हता. बायको म्हणाली, आधी दोन घास खा. तो म्हणाला, "नको वहिनी, आधी दादाला हे दाखवू दे."

वहीच्या पानावर मधोमध पट्टीनं रेघ मारलेली. डाव्या रकान्यावर लिहिलेलं, अंडरग्राऊंड. उजव्या रकान्यावर, कमर्शियल. डावीकडे डीप हाऊस, टेक्नो, मिनिमल, ॲसिड. उजवीकडे बिग रूम, बॉलिवूड रिमिक्स, लग्नाची गाणी, पार्टीची गाणी. डावीकडच्या यादीखाली मास्तरचं वाक्य उतरवून घेतलेलं: इथे टेस्ट लागते. उजवीकडच्या यादीखाली: इथे पैसा आहे.

पोरगा म्हणाला, "दादा, आपण ह्यात कुठं?"

मी वही उलटसुलट करून पाहिली. आपण कुठंच नव्हतो.

त्याचं झालं असं. वर्गात प्रत्येकानं आपला ट्रॅक वाजवून दाखवायचा होता. ह्यानं आपल्या मामाची हलगी मोबाईलवर रेकॉर्ड केलेली. हलगी शेकून, ताणून, कडक करून घेतलेली. तिच्याखाली ह्यानं किक भरली, बेस भरला, मध्ये बेंजोची एक ओळ टाकली. चार महिन्यांची रात्रपाळी त्या ट्रॅकात होती. मास्तरनं ऐकलं. ओरडला नाही, हसलाही नाही. शांतपणे म्हणाला, "मिक्स ठीक आहे. पण तो ड्रम काढ. लोकल वाटतो."

पोरानं ड्रम काढला. मामाचा हात पुसला.

तीन आठवड्यांनी त्याच वर्गात त्याच मास्तरनं एक परदेशी सॅम्पल पॅक उघडला. डॉलर मोजून आणलेला. त्यात देशोदेशींची वाद्यं कापून, धुऊन, फोल्डरात भरलेली. भारताचं एक फोल्डर. त्यात हलगीच्याच जातीचं एक चामड्याचं वाद्य. वाजवणारा कोण, कुठल्या गावचा, त्याला काय मिळालं, कशाचाच पत्ता नाही. मास्तर म्हणाला, "बघा, हे असं टेक्श्चर टाकलं की ट्रॅकला अंडरग्राऊंड फील येतो."

म्हणजे नाव असलेल्या मामाची हलगी लोकल, आणि नाव पुसलेली हलगी अंडरग्राऊंड. माणूस बाजूला काढला की त्याचं चामडं चालतं. ही भानगड आपल्याला नवी आहे का, मित्रांनो?

त्या पोराची आई दहिसरच्या एका गाळ्यात पॅकिंगला जाते. फीसाठी तिनं भिशी उचललीय. ती भिशी अजून वर्षभर फिटायचीय. म्हणून हा विषय ह्या अंकाच्या पहिल्या पानावर घेतोय. कुणी म्हणेल, बेकारी आहे, घरं तुटतायत, आणि तुम्ही नाचाच्या गाण्यांवर संपादकीय लिहिता? लिहितो. कारण आपली हजारो पोरं आज ह्याच कामात घुसतायत. बोरीवलीपासून विरारपर्यंत दर वस्तीत एक तरी पोरगा रात्री हेडफोन लावून बसलेला असतो. त्याला कोण शिकवतं आणि काय शिकवतं, हा आपला प्रश्न आहे.

आधी मास्तरला त्याचं माप देऊ. क्लासमध्ये शिकवतात ते सगळं भंकस नाही. दोन बांधण्या खरोखर वेगळ्या आहेत आणि दोन्ही शिकण्यासारख्या आहेत. कमर्शियल गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं. सुरुवातीलाच एखादी ओळ कानात रुतली पाहिजे. मग बिल्डअप, म्हणजे स्नेअरचे ठोके दुप्पट, चौपट होत जातात, सूर वर चढतो, क्षणभर सगळं थांबतं आणि धाडकन ड्रॉप. अंडरग्राऊंड म्हणतात त्या ट्रॅकची चाल निराळी. सहा-सात मिनिटं. सुरुवातीला बराच वेळ नुसती किक आणि हायहॅट, कारण पुढच्या डीजेला आपला ट्रॅक त्याच्यावर चढवायला जागा पाहिजे. बदल बारीक. एखादा फिल्टर दोन मिनिटं हळूहळू उघडत राहतो आणि नाचणाऱ्याला कळतही नाही की आपण कधी वर आलो. दोन्हीत किक बहुतेक वेळा मिनिटाला १२० ते १३०च्या आसपास. दोन्हीत साइडचेन, म्हणजे किक पडली की बेसनं क्षणभर अंग चोरायचं, नाहीतर दोघांचा चिखल होतो. हे हुन्नर आहे. सुताराच्या रंध्यासारखं. ते कुणाच्या बापाचं नाही आणि ते आपण घेतलंच पाहिजे.

खोट तिथून पुढे सुरू होते. दोन बांधण्यांच्या दोन पायऱ्या केल्या जातात. डावीकडचा वरचा, उजवीकडचा खालचा. डावीकडच्याला अभिरुची, उजवीकडच्याला गर्दी. आणि दोन्हीच्या खाली, रकान्याच्याही बाहेर, लोकल. चीप. टपोरी. वरचा, खालचा आणि गावाबाहेरचा. ही रचना कुठं पाहिलीय ते मी सांगायला नको.

आता हा अंडरग्राऊंड शब्द आला कुठून ते पाहू. वर्गात हा इतिहास एका स्लाईडवर उरकला, पोरगा म्हणाला. चार काळे चेहरे, चार सनावळ्या, पुढची स्लाईड.

शिकागोत १९७७ साली वेअरहाऊस नावाचा क्लब निघाला. तिथं फ्रँकी नकल्स तबकड्या लावायचा. नाचायला येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो, बहुतेक समलिंगी पुरुष. बाकीच्या शहराला ते नको होते, म्हणून त्यांनी आपली जागा केली. हाऊस हे नाव त्या वेअरहाऊसवरूनच पडलं असं सांगतात. त्याच शिकागोत १२ जुलै १९७९ला बेसबॉलच्या कॉमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोटानं उडवला. एका रेडिओवाल्याची जाहिरातबाजी. जमाव मैदानात घुसला, पुढची मॅच रद्द झाली. तिथं प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करणारा एक काळा पोरगा होता, व्हिन्स लॉरेन्स. त्यानं पुढं सांगितलं की लोक डिस्कोच्याच नव्हे, काळ्या गायकांच्या कुठल्याही तबकड्या जाळायला आणत होते. तोच पोरगा १९८४ साली जेसी साँडर्सबरोबर 'ऑन अँड ऑन' करण्यात होता. हाऊसची पहिली तबकडी म्हणून तिचं नाव घेतात. ज्या शहरानं आपली तबकडी जाळली त्याच शहरात नवी तबकडी काढली. अंडरग्राऊंड म्हणतात ते हे.

आणि काढली कशावर? जपानच्या रोलंड कंपनीनं १९८० साली टीआर-८०८ नावाचं ड्रम मशीन काढलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून पडलं. तीनेक वर्षांत बंद झालं. टीबी-३०३ तर एकट्या गिटारवाल्याला सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. तेही पडलं. दोन्ही जुन्या बाजारात कवडीमोल झाली. तिथून गरीब पोरांनी ती उचलली, त्यांची बटणं नको तेवढी पिळली, आणि १९८७ साली शिकागोच्या फ्युचर ह्या गटानं ३०३ची किंकाळी ॲसिड हाऊस म्हणून जगाला ऐकवली. भंगारातून आलेला आवाज. आज त्याच आवाजाची नक्कल करणारं सॉफ्टवेअर विकत घ्या म्हणून क्लासवाला सांगतो.

डेट्रॉइट हे मोटारींचं शहर. कारखाने बसत चाललेले. बेलव्हिल शाळेतल्या तीन काळ्या पोरांनी, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉंडरसन, टेक्नो घडवला. मग ऐंशीचं दशक संपता संपता माइक बँक्स आणि जेफ मिल्स ह्यांनी अंडरग्राऊंड रेझिस्टन्स काढलं. नावातच प्रतिकार. तोंडावर बुरखे बांधून वाजवायचे, कारण चेहरा विकायचा नव्हता. तबकडी स्वतः काढायची, स्वतः विकायची, मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहायचं नाही. ह्यांचा अंडरग्राऊंड फील सॅम्पल पॅकमधून आला नव्हता. तो मालकी कुणाची ह्या भांडणातून आला होता.

आमच्या आधीच्या पिढीनं १९७२ साली ह्याच मुंबईत दलित पँथर काढली तेव्हा नाव ओकलंडच्या काळ्या पोरांकडून घेतलं. तेही भंगारातून उचलल्यासारखं नव्हे, सख्ख्या भावाकडून घ्यावं तसं. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. अभिरुचीवाल्यांना त्यातले शब्द कळेनात, कळले ते सोसेनात. तेव्हा एखादा मास्तर म्हणाला असता, "कविता ठीक आहे, पण ते शब्द काढ, लोकल वाटतात," आणि ढसाळांनी काढले असते, तर आज मागं काय उरलं असतं? म्हणून मी म्हणतो, हलगी काढणं ही छोटी गोष्ट नाही.

मुंबईतलंच दुसरं उदाहरण घेऊ. चरणजित सिंग हा हिंदी सिनेमाच्या स्टुडिओत वाजवणारा माणूस. म्हणजे पूर्ण कमर्शियल, उजव्या रकान्यातला. १९८२ साली त्यानं रोलंडची ती दोन यंत्रं आणि एक सिंथेसायझर घेऊन 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' नावाची तबकडी केली. एचएमव्हीनं काढली. फ्युचरच्या पाच वर्षं आधी. कुणी घेतली नाही. २०१० साली एका डच माणसानं ती परत छापली आणि एका रात्रीत चरणजित सिंग अंडरग्राऊंडचा आजोबा झाला. तबकडी तीच, वाजवणारा तोच. रकाना तेवढा बदलला, आणि तो बदलणारा हात परदेशातला होता. २०१५ साली सिंग गेले. मरणाच्या पाचच वर्षं आधी जगाला त्यांची ओळख पटली.

तसंच मराठीचं. २०२४ साली 'तांबडी चामडी' हे मराठी गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स ह्या डच कंपनीनं काढलं. चांगलं झालं. पण काल ज्यांना मराठी शब्द क्लबात घाणेरडा वाटत होता ते आज मान हलवतायत. कान त्यांचा, पण परवानगी डच कंपनीची.

मग आपलं काय? आपल्या घरात हा इतिहास आहे, फक्त कुणी शिकवत नाही. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला तेव्हा सभागृह नव्हतं, थिएटर नव्हतं. वस्तीतली मोकळी जागा आणि बत्ती. वामनदादा कर्डक गावोगाव गात फिरले. पुढं कॅसेट आली आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज चहाच्या टपरीवर, रिक्षात, मिलच्या चाळीत पोचला. कॅसेट स्वस्त होती, कॉपी करता येत होती, म्हणून पोचला. बेंजो पार्टी घ्या. आपण बेंजो म्हणतो ते मुळात जपानी वाद्य, तैशोगोतो. गरिबाच्या हातात आलं, त्याला पिकअप लावला, भोंग्याला जोडलं, आणि मुंबईच्या वरातीचं झालं. रोलंडचं ऑक्टापॅड १९८५ साली निघालं. ते ऑर्केस्ट्रावाल्यांकडून बेंजोवाल्यांकडं आलं, आणि त्याच्यावर ढोलकी, हलगी, संबळ सगळं एकाच माणसाच्या दोन काठ्यांत आलं. आज मागाठाण्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत एफएल स्टुडिओची चोरलेली कॉपी टाकून पोरं भीमगीतं मिक्स करतात. पंखा बंद, कारण माइकात आवाज येतो. आई झोपलेली, म्हणून हेडफोन. तयार झालं की पेनड्राइव्हवर जातं, पेनड्राइव्ह ट्रॉलीवाल्याकडं जातो, आणि १४ एप्रिलला अख्खा रस्ता त्याच्यावर नाचतो. कंपनी नाही, रेडिओ नाही, पुरस्कार नाही, परीक्षण नाही.

आता वहीतली अंडरग्राऊंडची व्याख्या काढा आणि मला सांगा, ह्याच्यापेक्षा जास्त अंडरग्राऊंड काय असतं? वर्गातल्या ज्या साहेबजाद्याला टेक्नोची टेस्ट आहे त्याला बापाचा फ्लॅट आहे, लाखाचे स्पीकर आहेत, गोव्याचं तिकीट आहे. तो कमर्शियलला नाकं मुरडतो, कारण त्याला पैशाची घाई नाही. आपला पोरगा एका रात्रीच्या हळदीत डीजे लावून घरात रेशन आणतो. "विकला जाऊ नकोस," असं त्याला सांगायचा हक्क कुणाला? ज्याचं जेवण ठरलेलं आहे त्यानं उपाशी माणसाला उपवासाचं महत्त्व सांगू नये.

इथपर्यंत वाचून तुम्ही टाळ्या वाजवायला लागला असाल तर थांबा. आता आपली पाळी.

आपण अंडरग्राऊंड आहोत म्हणून आपण करतो ते सगळं बरोबर, असं मी म्हणणार नाही. गेल्या काही वर्षांच्या जयंत्या मी डोळे आणि कान उघडे ठेवून पाहिल्यात. ट्रॉलीवर स्पीकरची भिंत. भिंतीवर कुठल्यातरी बिल्डरचा, कुठल्यातरी नगरसेवकाचा फ्लेक्स, त्याचा चेहरा बाबासाहेबांच्या चेहऱ्याएवढा मोठा. मग गाणं. गाण्यात शब्द आहेत, पण ऐकू येत नाहीत. शाहिरानं आयुष्य घालून लिहिलेली ओळ सुरू होते, अर्ध्यावर कापली जाते, धाडधाड ड्रॉप. ज्या ठिकाणी विचार होता नेमकी तिथंच कात्री. मास्तरनं मामाची हलगी काढली म्हणून आपण चिडलो. आपण वामनदादांचा शब्द काढतो त्याचं काय? हेच तर कमर्शियल. फरक एवढाच की ते आपण फुकट करतो.

दुसरं, कान. अमेरिकेतल्या नायॉश ह्या संस्थेनं कामगारांसाठी माप ठरवलंय. ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १००ला पंधरा मिनिटं. भिंतीसमोर आपली पोरं पाच-सहा तास असतात. कडेवर तान्ही मुलं असतात. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी मर्यादा आहे. हा कायदा कुणाच्या दारात कडक होतो आणि कुणाच्या दारात झोपतो, ह्यावर आपण वेगळं भांडू, जोरात भांडू. पण आपल्याच पोराचा कान फुटला तर ते भांडण त्याला ऐकू येणार नाही. चांगला मिक्स कमी आवाजातही छातीत बसतो. ज्याला मिक्स जमत नाही तो आवाज वाढवतो. हे क्लासवाल्यांनीही सांगितलंय आणि ते खरं आहे.

तिसरं, हक्क. आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. वामनदादा २००४ साली गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६४ संपेपर्यंत जिवंत आहे. २०१२ साली कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही असं ठरलं. हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? आपण शाहिराचं गाणं उचलतो, वर आपलं नाव चिकटवतो, डीजे अमुक रिमिक्स. लिहिणाऱ्याचं नाव गायब. मग त्या परदेशी सॅम्पल पॅकवाल्यात आणि आपल्यात फरक काय?

आणि चौथं. त्या अंधेरीच्या वर्गात पोरी किती, असं मी पोराला विचारलं. तो म्हणाला, दोन. मी विचारलं, आपल्या ट्रॉलीवर किती? तो गप्प बसला. मीही गप्प बसलो. माझी पुतणी ऑक्टापॅड शिकायचं म्हणत होती तेव्हा मीच म्हणालो होतो, बघू पुढच्या वर्षी. ती दोन वर्षं झाली.

तेव्हा करायचं काय? क्लासला शिव्या देऊन भागणार नाही. शिकवणं त्यांच्या हातात राहिलं तर रकानेही त्यांच्याच हातात राहणार. शिकवणं आपण उचललं पाहिजे. मी एक आराखडा मांडतो. चुकत असेल तर पत्र लिहून फाडून काढा.

पहिला धडा ऐकण्याचा. बोरीवलीत राहून कान्हेरीला फक्त पिकनिकला जाणारे आपण. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातल्या चैत्यगृहात जाऊन एक टाळी वाजवा आणि ती खडकात किती वेळ राहते ते मोजा. क्लासमध्ये रिव्हर्ब नावाचं बटण शिकवतात. ते बटण ज्याची नक्कल करतं ते आपल्या वॉर्डात दगडात कोरलेलं आहे, भिक्खूंनी तिथं शब्द ऐकलेत. फोनवर ती टाळी रेकॉर्ड करा, ट्रॅकात वापरा. पैसे लागत नाहीत.

दुसरा धडा हलगीचा, आणि तो मामा शिकवील. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. तो हात सॉफ्टवेअरच्या चौकटीत तंतोतंत बसत नाही, किंचित पुढं-मागं पडतो, आणि नाच त्या किंचितमध्येच असतो. क्लासमध्ये पोरं क्वांटाइझचं बटण दाबून सगळे ठोके सरळ रेघेत उभे करतात. आपण उलट करायचं. आधी मामाचा हात मोजायचा, मग चौकट त्याच्याप्रमाणं वाकवायची. सॉफ्टवेअरला ते येतं. मास्तरला सुचत नाही.

तिसरा धडा दोन्ही बांधण्यांचा. तीन मिनिटांचं गाणं करता आलं पाहिजे, सात मिनिटांचा ट्रॅकही करता आला पाहिजे. हळदीला एक, जयंतीला एक, आणि रात्री दोनला एकट्यानं ऐकायला एक. कुठला वरचा, कुठला खालचा, हा प्रश्न विचारणाऱ्याला वर्गाबाहेर काढायचं.

चौथा धडा शब्दाचा. भीमगीतावर काम करायचं तर आधी ते पूर्ण पाठ म्हणून दाखवायचं. शब्दाच्या वेळी बाकी सगळ्यांनी अंग चोरायचं. साइडचेन किकला लावता येतं तसं शाहिराच्या आवाजालाही लावता येतं. मग ड्रॉप द्या, पाहिजे तेवढा, पण ओळ पुरी झाल्यावर.

पाचवा धडा पैशाचा. रेट काय सांगायचा, ॲडव्हान्स कसा घ्यायचा, नाव कुठं टाकायचं, कागदावर सही करण्याआधी काय वाचायचं. हा धडा क्लासमध्ये शेवटच्या दिवशी अर्धा तास असतो. आपल्याकडं तो पहिल्या महिन्यातच पाहिजे.

ह्याला इमारत लागत नाही. आमच्या विहाराची खोली रविवारी दुपारपर्यंत रिकामी असते. दोन लॅपटॉप आहेत, एक साउंड कार्ड आहे, एक स्पीकर आहे ज्याचा एक कोपरा उंदरानं खाल्लाय. मामाला विचारलं. तो म्हणाला, "मी काय शिकवणार रे, मी तर सातवी पास." त्याला अजून खरं वाटत नाही. वाटेल.

पोरगा त्या रात्री शेवटी जेवला. जेवताना मी त्याला विचारलं, हलगीवाली फाईल अजून आहे का? त्यानं लॅपटॉप उघडला. काढलेला ट्रॅक त्यानं डिलीट केला नव्हता, नुसता म्यूट करून ठेवला होता. नाव दिलेलं, मामा हलगी एक. त्यानं म्यूट काढला. रात्रीचे साडेबारा वाजलेले, शेजारी झोपलेले, म्हणून आम्ही हेडफोनचा एक कान त्यानं, एक मी, असं ऐकलं. मिक्समध्ये अजून खोट आहे. बेस चिखल करतोय. ते काम बाकी आहे.

वहीत त्यानं दोन रकान्यांच्या पलीकडं तिसरी रेघ मारली होती. वर काय लिहायचं ते त्याला सुचेना. मी म्हटलं, रिकामा ठेव. रविवारी सगळे मिळून लिहू.

रविवारी सकाळी दहाला या. पेनड्राइव्ह घेऊन या. बहिणींना घेऊन या. माझी पुतणी येतेय, ऑक्टापॅड तिच्याकडं राहील.

जयभीम.